टर्बो गाडीचा काळा धूर : ट्यूनिंगनंतर मिश्रण कसे तपासावे

काळा धूर म्हणजे न जळालेला कार्बन. इंधनाच्या मानाने हवा कमी पडली, किंवा हवा पुरेशी असूनही ती इंधनात नीट मिसळली नाही, की कार्बनचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात आणि काजळी तयार होते. ट्यून केलेल्या टर्बो गाडीत इंधन आणि हवा ही दोन्ही कारखान्याने आखलेल्या मर्यादेच्या पुढे नेलेली असतात. त्यामुळे दोहोंचा हिशोब थोडा जरी चुकला, तरी तो सायलेन्सरच्या तोंडाशी दिसतो. गाडी ट्यून केली की धूर यायचाच, किंबहुना धूर हीच ताकदीची खूण, असा समज अनेक गॅरेजांत पक्का बसला आहे. पेट्रोल आणि डिझेल या दोन्ही इंजिनांच्या बाबतीत तो चुकीचा आहे. मात्र दोन्हीकडे त्या चुकीमागचे कारण वेगळे आहे आणि दुरुस्तीची दिशाही वेगळी आहे. ज्या उपायाने डिझेल इंजिन वाचते, तोच उपाय आंधळेपणाने पेट्रोल टर्बोवर केला तर पिस्टन वितळू शकतो.

सर्वांत आधी धुराचा रंग आणि त्याची वेळ पाहावी. निळसर धूर इंजिन ऑइल जळल्याचा असतो. बराच वेळ आयडलिंगवर उभी असलेली गाडी निघताना निळा झोत सोडत असेल, तर संशय टर्बोच्या ऑइल सीलवर, ऑइल परत नेणाऱ्या नळीवर किंवा क्रँककेसच्या तुंबलेल्या श्वसननळीवर घ्यावा. रिंगा झिजल्या असतील तर निळा धूर जवळपास सतत राहतो. दाट पांढरा आणि गोडसर वासाचा धूर कूलंट जळत असल्याचे सांगतो. बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) चढवलेल्या गाडीत हेड गॅस्केट तपासायची ती हीच वेळ. थंड सकाळी दिसणारी आणि पाचेक मिनिटांत विरून जाणारी पातळ वाफ मात्र निरुपद्रवी असते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते आणि थंड सायलेन्सरमध्ये त्यातले काही साचते. सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा सुती कपडा काही क्षण धरला, तर कोरडी काजळी आणि तेलकट डाग यांतला फरक लगेच कळतो. काजळी कोरडी असेल, तर प्रश्न मिश्रणाचा आहे.

पेट्रोल टर्बोचा हिशोब

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. प्रत्यक्षात मिळालेली हवा भागिले गरजेची हवा, या गुणोत्तराला लॅम्डा म्हणतात. लॅम्डा १ म्हणजे नेमके मिश्रण, १ पेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त असलेले रिच मिश्रण आणि १ पेक्षा जास्त म्हणजे हवा जास्त असलेले लीन मिश्रण. एकसारख्या वेगाने जाताना ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, लॅम्डा १ च्या आसपासच खेळवतो, कारण पेट्रोल गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याच अरुंद पट्ट्यात प्रदूषकांवर नीट काम करतो. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून मिश्रण सुधारण्याची ही पद्धत बॉशच्या सेन्सरमुळे १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांतून बाजारात आली. आज तिच्याशिवाय पेट्रोल गाडीची कल्पनाच करता येत नाही.

बूस्ट चढला की पेट्रोल टर्बो हा पट्टा सोडते आणि मुद्दाम रिच होते. त्याला सबळ कारणे आहेत. जादा पेट्रोलचे बाष्प होताना सिलिंडरमधली उष्णता शोषली जाते, त्यामुळे ठिणगीनंतर ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटण्याचा म्हणजे नॉकिंगचा धोका कमी होतो. शिवाय जादा इंधनाला ऑक्सिजनच मिळत नसल्याने ज्योतीचे आणि बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान खाली येते. पेट्रोल टर्बोच्या टर्बाइनपाशी पूर्ण भारावर ९०० ते ९५० अंश सेल्सियस तापमान सहज पोहोचते आणि अनेक टर्बाइनची सहनशक्ती तिथेच संपते. म्हणून थोडे रिच मिश्रण हे इंजिनाचे संरक्षण आहे आणि त्याला हात लावताना दहा वेळा विचार करावा.

किती रिच, हा खरा प्रश्न आहे. पेट्रोल इंजिन सर्वाधिक ताकद साधारण ०.८५ ते ०.९ लॅम्डाला देते. इनटेक पोर्टमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनाला पूर्ण बूस्टवर ०.७८ ते ०.८३ आणि थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनाला ०.८२ ते ०.८८ हा बहुतेक ट्यूनरांचा पट्टा असतो. त्याखाली जाण्यात फारसा लाभ उरत नाही. ०.७५ च्या खाली जळण्याची गती मंदावते, ताकद घटू लागते आणि ०.७ च्या आसपास काळा धूर डोळ्यांना दिसायला लागतो. म्हणजेच ज्या पेट्रोल टर्बोचा धूर दिवसाढवळ्या आरशात दिसतो, ती सुरक्षिततेची मर्यादा ओलांडून बरीच पुढे गेलेली असते. मित्सुबिशी लान्सर इव्होल्युशन आणि सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स यांसारख्या जुन्या जपानी गाड्या कारखान्यातूनच पूर्ण बूस्टवर बऱ्याच रिच येत. त्यांच्यावर काम करणारे ट्यूनर इंधन काढून, जपून इग्निशन वाढवून ताकद मिळवत, ती याच कारणाने. इंधन ओतून ताकद मिळत नाही, हे त्या गाड्यांनी केव्हाच दाखवून दिले आहे.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या टीएसआयसारख्या थेट फवारणीच्या इंजिनांत पेट्रोलचा काही भाग पिस्टनच्या माथ्यावर आणि सिलिंडरच्या भिंतीवर ओला बसतो व तिथे काजळी धरतो. सरासरी मिश्रण अगदी बरोबर असले तरी या गाड्यांच्या सायलेन्सरचे तोंड काळे होतेच. पोलो जीटी टीएसआयचा टेलपाइप बोटाने पुसून काळे बोट दाखवणे हा रिच मिश्रणाचा पुरावा होत नाही. पुरावा मोजमापातूनच मिळवावा लागतो.

मर्यादेबाहेरच्या रिच मिश्रणाने होणारे नुकसान हळूहळू होते, म्हणून ते मालकाच्या लक्षात येत नाही. सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा पातळ थर पेट्रोलने धुतला जातो आणि बोअर व रिंगा कोरड्या घासतात. तेच पेट्रोल खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पातळ होते आणि मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या टर्बोच्या बेअरिंगला त्याचा पहिला फटका बसतो. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली आणि त्याला पेट्रोलचा वास येत असला, तर ऑइल बदलण्याची तारीख पाहत बसू नये. ते त्याच आठवड्यात बदलावे आणि कारण शोधावे. प्लग काजळीने भरले की गाडी मिसिंग मारू लागते. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेट घेते आणि आतला सिरॅमिकचा जाळीदार ठोकळा वितळून वाट बंद करतो. ताकद वाढवायला निघालेली गाडी मग तुंबलेल्या सायलेन्सरमुळे मूळ गाडीपेक्षाही मंद चालते. गिअर सोडताना फटाके वाजवणारे मॅप (ईसीयूमधले इंधन-इग्निशनचे तक्ते) हेच सगळे हौसेने घडवून आणतात. त्यात इग्निशन मागे ओढून इंधन मुद्दाम एक्झॉस्टमध्ये जाळले जाते. रोजच्या वापराच्या गाडीत असा मॅप टाकू नये.

ट्यूनिंगनंतर पेट्रोल गाडी रिच का होते

बऱ्याच वेळा मॅप निर्दोष असतो आणि चूक नळ्यांत असते. ज्या गाडीत हवेचे वजन मोजणारा एमएएफ सेन्सर एअर फिल्टरनंतर बसवलेला असतो, तिथे मोजली गेलेली प्रत्येक ग्रॅम हवा सिलिंडरपर्यंत पोहोचणार, असे ईसीयू गृहीत धरतो. टर्बो आणि थ्रॉटल यांच्या मधला होजपाइप फाटला, क्लिप सैल झाली किंवा इंटरकूलरला भेग पडली, की मोजलेली हवा बाहेर निसटते. इंधन मात्र पूर्ण हिशोबाने पडते आणि काळा धूर येतो. कारखान्यातल्या बूस्टला टिकलेली जुनी नळी रीमॅपनंतरच्या वाढीव दाबाला फुगते, सुटते किंवा फाटते, म्हणून हा दोष ट्यूनिंगनंतरच वर येतो. हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह अशा गाडीवर बसवला, तरी हेच घडते. गिअर बदलताना 'फुस्स' आवाजासह जी हवा बाहेर जाते ती आधीच मोजलेली असते, त्यामुळे क्षणभर मिश्रण रिच होते आणि काळा झोत येतो. हवा पुन्हा टर्बोच्या तोंडाकडे वळवणारा मूळ प्रकारचा व्हॉल्व्ह बसवला की तो झोत बंद होतो; त्यासाठी मॅपला हात लावण्याची गरज नसते. मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा अंदाज घेणाऱ्या गाड्यांत अशा गळतीने मिश्रण फारसे बिघडत नाही, पण बूस्ट पडतो आणि टर्बो गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरत राहतो.

एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत एअर इनटेकची नळी मोठ्या व्यासाची बसवली, तरी सेन्सरचे गणित बिघडते, कारण तो नळीच्या ठरावीक व्यासासाठी जुळवलेला असतो. मोठे इंजेक्टर बसवताना नुसता त्यांचा प्रवाह मॅपमध्ये भरून भागत नाही. विद्युत संकेत मिळाल्यावर इंजेक्टर प्रत्यक्ष उघडायला लागणारा वेळही भरावा लागतो, आणि तो बॅटरीच्या व्होल्टेजनुसार बदलतो. ही नोंद चुकली की गाडी पूर्ण बूस्टवर ठीक चालते, पण आयडलिंगला आणि शहराच्या रहदारीत रिच राहते. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी निघाली, तर आयडलिंगला दाब वाढून मिश्रण रिच होते. तीच गाडी बूस्टवर मात्र लीन होते, कारण वाढत्या बूस्टबरोबर इंधनाचा दाब वाढवणारा संकेतच तुटलेला असतो. हा दोष विशेष घातक आहे. आयडलिंगचा धूर पाहून कोणी मॅपमधले इंधन कमी केले, तर बूस्टवरचे आधीच लीन असलेले मिश्रण आणखी लीन होते. रेग्युलेटरचा पडदा फाटला असेल, तर त्याच नळीतून पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये ओढले जाते. नळी काढून हुंगली तरी हे कळते. कूलंटचे तापमान सांगणारा सेन्सर बिघडून इंजिन थंडच आहे असे सांगत राहिला, तर ईसीयू कायम थंड इंजिनासारखे जादा इंधन देतो. स्कॅनरवर हे अर्ध्या मिनिटात दिसते.

ट्यूनरही फसतात तो दोष ठिणगीचा आहे. बूस्ट वाढला की सिलिंडरमधली हवा दाट होते आणि प्लगच्या फटीतून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते. कॉइल अशक्त असली किंवा फट मोठी असली, तर ठिणगी विझते. मग पेट्रोल आणि ऑक्सिजन दोन्ही न जळता बाहेर पडतात. एक्झॉस्टमधला सेन्सर फक्त ऑक्सिजन पाहतो, म्हणून तो मिश्रण लीन असल्याचे सांगतो. त्यावर विश्वास ठेवून आणखी इंधन घातले जाते, प्लग आणखी काळे होतात आणि ठिणगी आणखी विझते. गेजवर लीन आकडा, सायलेन्सरमधून काळा धूर आणि पूर्ण दाबल्यावर अडखळणारी गाडी अशी तिहेरी लक्षणे एकत्र दिसली, तर मॅप उघडण्याआधी प्लग आणि कॉइल तपासाव्यात. ट्यून केलेल्या गाडीला सहसा एक पायरी थंड श्रेणीचे प्लग आणि साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटरची फट लागते. नेमका आकडा त्या इंजिनाचा, त्या बूस्टचा पाहावा.

मोजमाप

धुराचा अंदाज डोळ्यांनी आणि वासाने येतो, पण मिश्रण जुळवायला तो पुरत नाही. जुन्या गाड्यांतला मूळचा नॅरोबँड ऑक्सिजन सेन्सर लॅम्डा १ च्या अलीकडे आहे की पलीकडे एवढेच नीट सांगतो. ०.८५ आणि ०.७ यांतला फरक त्याला कळत नाही. बूस्टखालचे मिश्रण पाहायला वाइडबँड सेन्सर लागतो. तो टर्बोच्या पुढे म्हणजे डाउनपाइपमध्ये, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी आणि वरच्या बाजूला तिरका बसवावा, म्हणजे साचलेले पाणी त्यावर पडून तो तडकत नाही. टर्बोच्या आधी बसवल्यास तिथला दाब आणि उष्णता आकडा बिघडवते आणि सेन्सरही लवकर मरतो. सेन्सरच्या आधीच्या सांध्यातून एक्झॉस्ट गळत असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन कमी भारावर खोटा लीन आकडा येतो. म्हणून आधी गळती बंद करावी, मग आकडे पाहावेत.

आकडा लॅम्डामध्येच वाचावा, हा आग्रह भारतात आज फार महत्त्वाचा आहे. पंपावरचे पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचे म्हणजे ई-२० झाले आहे. शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, तर ई-१० ला सुमारे १४.१ आणि ई-२० ला सुमारे १३.५ पट. गेजवरचा '१२' हा आकडा बहुतेक वेळा पेट्रोलच्या मापातला असतो आणि इंधन बदलले तरी गेजला ते कळत नाही. लॅम्डा मात्र कोणत्याही इंधनाला तोच राहतो. ई-१० वर जुळवलेल्या आणि बूस्टवर सेन्सरचा आधार न घेता चालणाऱ्या मॅपवर ई-२० भरले, की मिश्रण सुमारे ४ टक्के लीन होते. इथेनॉल स्वतः नॉकिंगला चांगला विरोध करते, म्हणून बहुधा ते निभावते. तरीही काठावर आखलेला जुना मॅप ई-२० वर पुन्हा मोजून घ्यावा. धूर कमी झाला म्हणून गाडी सुधारली, असे समजू नये.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचे आकडे पाहावेत. ईसीयू सतत दहा-पंधरा टक्के इंधन वजा करत असेल, तर हवेचा हिशोब कुठेतरी चुकतो आहे. ती वजाबाकी मर्यादेबाहेर गेली की पी०१७२ हा रिच मिश्रणाचा कोड येतो. मात्र ट्रिम हे मुख्यतः साध्या चालवण्यातले चित्र असते. अनेक गाड्यांत पूर्ण थ्रॉटलला ही दुरुस्ती थांबते, म्हणून ट्रिम शून्याजवळ असूनही गाडी बूस्टवर भलतीच रिच असू शकते.

तपासाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे आणि यंत्राकडून मॅपकडे असावा. आधी एअर फिल्टर, होजपाइप आणि क्लिपा, मग धूर सोडणाऱ्या यंत्राने किंवा साबणाच्या पाण्याने गळतीची चाचणी. त्यानंतर प्लग, कॉइल, इंधनाचा दाब, इंजेक्टर आणि सेन्सर. हे सगळे ठीक असेल, तरच डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) मॅप उघडावा. मिश्रण लीनच्या दिशेने नेताना दर खेपेस लॅम्डा ०.०१ ते ०.०२ पेक्षा जास्त हलवू नये आणि प्रत्येक पावलाला नॉकिंगचे संकेत व एक्झॉस्टचे तापमान यांची नोंद ठेवावी. तापमान चढत असेल किंवा नॉकिंग दिसत असेल, तर बूस्ट किंवा इग्निशन कमी करावे. धूर थांबवण्याच्या घाईत लीन केलेले पेट्रोल टर्बो इंजिन काही सेकंदांत पिस्टन गमावू शकते. रिच मिश्रण निदान दुरुस्तीला महिने देते. इंजिन चालू ठेवून तपासणी करताना गॅरेजचे शटर उघडे असलेच पाहिजे. लॅम्डा ०.८ वर एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड ६ ते ७ टक्क्यांच्या घरात असतो. त्याला वास नसतो आणि बंद खोलीत तो माणसाचा जीव घेतो.

डिझेलमध्ये सगळे उलट

डिझेल इंजिन नेहमी जादा हवेवर चालते. आयडलिंगला लॅम्डा ५ च्याही वर असू शकतो आणि पूर्ण भारावर तो साधारण १.३ ते १.५ असतो. १.३ च्या खाली आले की सिलिंडरच्या काही कोपऱ्यांत इंधनाला वेळेत हवा मिळत नाही आणि काजळी वाढते. पेट्रोलमध्ये जादा इंधनाने एक्झॉस्ट थंड होतो. डिझेलमध्ये ऑक्सिजन शिल्लक असतो, त्यामुळे जादा इंधन जळते आणि एक्झॉस्ट आणखी तापतो. टर्बाइनच्या आधी तापमान ७०० ते ७५० अंशांच्या वर सतत राहू लागले, की डिझेलचे पिस्टन, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बो तिघेही धोक्यात येतात. डिझेलचा काळा धूर म्हणजे वाया गेलेले इंधन आणि तापलेले इंजिन, दोन्ही एकाच वेळी.

कॉमन रेल डिझेलच्या ईसीयूमध्ये धूर रोखणारा एक स्वतंत्र मॅप असतो. सिलिंडरमध्ये किती हवा आली हे पाहून तो इंधनाची कमाल मात्रा ठरवतो. चालकाने पेडल कितीही दाबले तरी त्यापलीकडे जाऊ देत नाही. चांगला रीमॅप या मॅपला हवेच्या मोजमापाशी जुळवून थोडे पुढे सरकवतो. वाईट रीमॅप तो सरळ उघडा टाकतो. स्वस्त ट्यूनिंग बॉक्सची तऱ्हा निराळी असते. रेलमधल्या दाबाचा संकेत तो कमी करून ईसीयूला दाखवतो, ईसीयू दाब वाढवतो आणि हिशोबापेक्षा जास्त डिझेल आत जाते. धूर रोखणाऱ्या मॅपला त्या जादा डिझेलची कल्पनाच नसते, म्हणून तो नियमाप्रमाणे काम करूनही धूर थांबवू शकत नाही. बॉक्सपेक्षा गाडीनुसार लिहिलेला रीमॅप बरा, तो याच कारणासाठी.

रांजणगावला बनणारे फियाटचे १.३ मल्टिजेट इंजिन महाराष्ट्रातल्या कित्येक गाड्यांत होते आणि त्यावर रीमॅपही भरपूर झाले. त्याच्या ७५ हॉर्सपॉवरच्या आवृत्तीत स्थिर भूमितीचा टर्बो आहे आणि २००० आरपीएमच्या खाली तो फारशी हवा देत नाही. त्या टप्प्यावर इंधन वाढवले, की पिकअप वाढल्याचा भास होतो आणि मागच्या गाडीवर काळा पडदा पडतो. खंबाटकी किंवा कसारा घाटात वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर गाडी ओढली, तर नेमके हेच घडते. अशा इंजिनाच्या मॅपमध्ये टर्बो जागा होईपर्यंत इंधन आवरून धरावे आणि जास्तीचा जोर २००० ते ३५०० आरपीएमच्या पट्ट्यात द्यावा. घाटात चालकानेही एक गिअर खाली घ्यावा. धूर कमी होतो आणि टर्बोचेही आयुष्य वाढते.

कालपर्यंत स्वच्छ चाललेले डिझेल एकाएकी धूर ओकू लागले, तर मॅपऐवजी आधी इंटरकूलरची नळी पाहावी. ती फाटणे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. त्यानंतर उघडा अडकलेला ईजीआर (एक्झॉस्ट परत इनटेकमध्ये वळवणारा) व्हॉल्व्ह, तुंबलेला एअर फिल्टर, काजळीने जाम झालेल्या टर्बोच्या पात्या आणि ठिबकणारे इंजेक्टर. डिझेल गाडीवरचा उपाय नेहमी हवा परत मिळवणे किंवा इंधन कमी करणे हाच असतो. लीन होण्याची भीती इथे नसते.

बीएस-६ डिझेलमध्ये, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत, धूर दिसतच नाही, कारण काजळी डीपीएफ या एक्झॉस्टमधल्या फिल्टरमध्ये अडकते. त्यामुळे रीमॅप सदोष आहे हे टेलपाइपवरून कळत नाही. स्कॅनरवर डीपीएफमधल्या काजळीचा भार पाहावा आणि तो जाळण्यासाठी होणाऱ्या रीजनरेशनमधले अंतर नोंदवावे. रीजनरेशनसाठी फिल्टर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवावा लागतो आणि त्यासाठी जादा डिझेल फवारले जाते, त्यातले काही ऑइलमध्ये उतरते. रीमॅपनंतर हे अंतर झपाट्याने कमी झाले, तर मॅप जास्त काजळी करतो आहे. डीपीएफ असलेल्या गाडीतून काळा धूर दिसत असेल, तर फिल्टर फुटला आहे किंवा कोणीतरी तो रिकामा केला आहे.

पीयूसी आणि कायदा

पेट्रोल गाडीची पीयूसी तपासणी भार नसताना होते. बीएस-४ चारचाकीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे, तर सुमारे २५०० आरपीएमवर लॅम्डा १ च्या आसपास ०.०३ एवढ्याच फरकाने असावा लागतो. बूस्टवर ०.७ ला जाणारी गाडीही या चाचणीत सहज उत्तीर्ण होते. म्हणून पीयूसी प्रमाणपत्र म्हणजे मिश्रण बरोबर असल्याचा दाखला मानू नये. उलट पीयूसीतच नापास झालेली पेट्रोल गाडी आयडलिंगलाही रिच असते. तिचा दोष बहुधा मॅपच्या वरच्या भागात नसून इंजेक्टर, सेन्सर, रेग्युलेटर किंवा निकामी कन्व्हर्टर यांत असतो. डिझेलमध्ये गाडी उभी ठेवून पेडल पूर्ण दाबतात आणि धुराची दाटी मोजतात. बीएस-४ साठी तिची मर्यादा दर मीटरला १.६२ आणि त्याआधीच्या गाड्यांसाठी २.४५ आहे. धूर रोखणारा मॅप उघडा टाकलेले डिझेल या चाचणीत अडकू शकते.

नोंदणीपत्रातल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करण्यास मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ मनाई करते. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रदूषणाची मर्यादा मोडल्यास कलम १९०(२) लागू होते आणि दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा डीपीएफ काढून टाकण्याचे समर्थन कोणत्याही ताकदीच्या आकड्याने होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर २०१२ मध्ये माणसाला कर्करोग देणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातला आहे, आणि तो धूर श्वासात घेणारा मागचा दुचाकीस्वार असतो, गाडीचा मालक नव्हे.

रीमॅप करून घेणाऱ्याने ट्यूनरकडून आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही डायनो आलेख मागावेत. पेट्रोल गाडीसाठी पूर्ण थ्रॉटलला आरपीएमनुसार लॅम्डा, बूस्ट, इग्निशन आणि नॉकिंग यांची नोंद मागावी. डिझेलसाठी हवेचे वजन, इंधनाची मात्रा, रेलचा दाब आणि एक्झॉस्टचे तापमान यांची नोंद मागावी. मूळ फाइलची प्रत स्वतःकडे ठेवावी. ही नोंद द्यायला जो तयार नसेल, त्याच्या हाती गाडी देऊ नये.